हौसेला मोल नाही

गेल्या पावसाळ्यात मी बाळाचा एक संच ५०० रुपयांना विकला. स्वेटर, टोपी आणि मोजे, तिन्ही क्रोशाचे, फिकट पिवळ्या लोकरीचे. आमच्याच इमारतीत राहणाऱ्या एका बाईंच्या मुलीला बाळ व्हायचे होते. त्याही मराठीच. माझ्या हातात लोकरीचा गुंडा त्यांनी नेहमी पाहिलेला, म्हणून विचारले, आणि मी आनंदाने हो म्हटले. लोकर ३२० रुपयांची लागली. संध्याकाळी बातम्या ऐकता ऐकता, दुपारी डोळा लागला नाही तर तेव्हा, असे करत तीन आठवड्यांत संच झाला. "किती देऊ?" असे त्यांनी विचारले तेव्हा मी म्हटले, "अहो, लोकरीचे तेवढे द्या. हौसेला मोल नाही." त्यांनी ऐकले नाही, पाचशेची नोट माझ्या हातात कोंबली. ती नोट मी कितीतरी दिवस पर्सच्या वेगळ्या कप्प्यात ठेवली होती, हेही सांगून टाकते.

दिवाळीच्या आधी अक्का आल्या. त्या आमच्या मागच्या गल्लीत राहतात. वयाने माझ्याहून पंधराएक वर्षांनी लहान, पण सगळी इमारत त्यांना अक्का म्हणते म्हणून मीही म्हणते; त्या मला अम्मा म्हणतात. साड्यांना फॉल-पिको, ब्लाउजची हातशिलाई आणि क्रोशाची कामे यांवर त्यांचे घर चालते. हैदराबादेत तीस वर्षे काढूनही माझे तेलुगू भाजीबाजारापुरतेच आहे आणि अक्कांना मराठी येत नाही, तेव्हा आमचे बोलणे इथल्या हिंदीत होते. त्या फॉल लावलेली साडी द्यायला आल्या होत्या. पाणी प्यायल्या आणि उठता उठता म्हणाल्या, "अम्मा, तुम्ही बाळाचा सेट पाचशेला देता म्हणे."

मी हसून हो म्हटले. आता कौतुकच ऐकायला मिळणार, अशा तयारीने.

"मी चौदाशे घेत होते. आता सगळ्या मला पाचशेच सांगतात."

तोवर माझे तीन संच गेले होते, हे खरे. पहिल्या बाईंनी दोघींना सांगितले होते आणि मी त्या दोघींकडूनही तेवढेच घेतले होते. मी म्हटले, "अहो पण मी धंदा नाही करत. मी हौसेनं करते."

"ते माहीत आहे," अक्का म्हणाल्या. "धंदा करणारी असती तर मी तिच्याशी भांडले असते. तिचा भाव किती खाली जाईल ते मला कळतं. तिलाही घर चालवायचं असतं. तुमचा भाव कुठे थांबेल ते मला कसं कळणार?"

आवाज चढला नव्हता. चप्पल पायात सरकवत त्या हे बोलल्या आणि गेल्या. फॉलचे पैसे द्यायचे मी विसरले. दुसऱ्या दिवशी नेऊन दिले.

तेव्हापासून मी या प्रश्नाशी झटापट करते आहे: मी काही चूक केली का? आणि केली असेल तर नेमकी कोणती?

पहिल्यांदा मनात आले ते साधे उत्तर. वेळ माझा, हात माझे. त्यांचे काय घ्यायचे ते मी ठरवीन. हे उत्तर वकिली आहे. खोटे नाही, पण ते अक्कांच्या बोलण्याला लागूच होत नाही. माझा हक्क आहे की नाही असे त्यांनी विचारले नव्हते. माझ्या हक्काचा त्यांच्या घरावर काय परिणाम झाला ते सांगितले होते.

दुसरे उत्तर चांगुलपणाचे. स्वस्तात देणे हा काही दुर्गुण नव्हे. पण चांगुलपणा कोणाशी? संच घेणाऱ्या बाईंच्या यजमानांची फर्निचरची दोन दुकाने आहेत. नऊशे रुपये वाचवून मी त्यांच्यावर कोणते उपकार केले? ते नऊशे हवेत विरले नाहीत. ते अक्कांच्या घरातून निघून फर्निचरच्या दुकानात गेले, आणि मध्ये मी हसतमुखाने उभी होते.

तिसरे उत्तर जरा वजनदार आहे. जग असेच चालते. यंत्रमाग आले तेव्हा हातमागवाल्यांचे काय झाले? भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी ही गावे त्या खटखटाटावरच वाढली. स्वस्त कापडाने महाग कापडाला मागे सारले, आणि त्याबद्दल यंत्राला कोणी पापी म्हणत नाही. (म्हणतात, पण म्हणताना अंगात यंत्रमागाचाच सदरा असतो.) मग मी स्वस्तात दिले तर माझ्यावरच आरोप का?

या उत्तरावर मी बरेच दिवस टेकून होते. ते ढासळले ते क्रोशामुळेच, म्हणजे ही कला ज्या रीतीने चालते त्यामुळे.

दोन सुयांच्या विणकामात आख्खी ओळ सुईवर उघडी असते. शंभर टाके असतील तर शंभर फासे एकाच वेळी धरलेले. यंत्राला हे सोयीचे, कारण प्रत्येक फाशाला एकेक सुई दिली की झाले. इंग्लंडमध्ये विल्यम ली याने मोजे विणायचे यंत्र केले ते १५८९ साली. क्रोशाचे तसे नाही. इथे सुईवर एकच फासा असतो, बाकी सगळे विणून बंद झालेले. पुढचा खांब घालायचा तर दोऱ्याचा एक वेढा घ्यायचा, सुईचा आकडा त्या तयार विणीत खुपसायचा, दोरा ओढून बाहेर आणायचा. सुईवर तीन फासे होतात, ते दोन-दोन करून काढायचे. आकडा नेमका कुठे खुपसायचा? ती जागा हाताच्या ताणावर ठरते आणि प्रत्येक हाताचा ताण निराळा. माझ्या आईने अर्धा ठेवलेला रुमाल मी पुरा केला आहे; कुठल्या ओळीपासून मी सुरुवात केली ते कोणीही दाखवू शकेल. ती फट डोळ्याला पुष्कळदा दिसत नाही, बोटाला कळते. म्हणूनच कपडे विणणारी इतकी यंत्रे झाली तरी क्रोशा त्यांच्या हाती लागलेला नाही. बाजारात मीटरवर 'क्रोशे लेस' म्हणून मिळते ती बहुतेक यंत्रावरची नक्कल. जवळून पाहिली तर तिच्यात खांब नसतो. प्रयोगशाळांत काही प्रायोगिक यंत्रे झाली आहेत. पण दुकानात टांगलेला खऱ्या क्रोशाचा कपडा अजून माणसाच्याच हातचा असतो.

याचा अर्थ मला पूर्वी माहीत होता, पण त्याचा हिशेब मी कधी केला नव्हता. यंत्राने कापड स्वस्त केले ते मीटरभर कापडामागचे तास कमी करून. खांबामागचा वेळ कमी झालेला नाही. आईला एका खांबाला जेवढा वेळ लागे तेवढाच मला लागतो. मग क्रोशाची वस्तू स्वस्त होते ती कशी? तास कमी होत नसतील तर तासाची किंमतच कमी व्हावी लागते. तिसरा मार्ग नाही. मी बातम्यांच्या वेळा आणि दुपारी धरून माझ्या संचाचे तास मोजले: साधारण पंचवीस. पाचशेतून लोकरीचे ३२० वजा करा, राहिले १८०. तासाला सात रुपये वीस पैसे. यंत्रमागाशी माझी तुलनाच होत नव्हती. मी काहीही सोपे केले नव्हते, कोणाचे कष्ट वाचवले नव्हते. मी फक्त एका बाईचा तास सात रुपयांना मिळतो असे इमारतीला दाखवून दिले होते, आणि ती बाई मी होते.

मॉलमध्ये क्रोशाचा टॉप टांगलेला दिसला की मी तो उलटून पाहते. जुनी सवय. खांब खरे असतील, गाठी हाताने दडवलेल्या असतील, आणि किमतीची चिठ्ठी पाहिली की आता पूर्वीसारखे 'वा, स्वस्त आहे' असे वाटत नाही. त्या रकमेतून दुकानाचे भाडे, वाहतूक, मधल्यांचा नफा, दोरा हे सगळे काढून जे उरेल त्यात कोणाचे तरी पंधरा-वीस तास बसवलेले आहेत. ते तास इतक्या स्वस्तात कोण देते?

याचे एक उत्तर माझ्या माहेरच्या नदीच्या दुसऱ्या टोकाला आहे. माझे माहेर नाशिक. गोदावरी त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावते, आमच्या घराजवळून जाते, आणि आंध्रात पोहोचल्यावर तिचे फाटे होतात. त्यांतल्या वसिष्ठ गोदावरीच्या काठी, समुद्र अगदी जवळ आला असताना, नरसापूर लागते. अक्कांचे माहेर त्याच बाजूच्या एका खेड्यात. तिथे घरोघरी क्रोशाची लेस होते. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी ती शिकवली आणि पुढे तिचा मोठा निर्यात व्यापार झाला. मारिया मीस नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञ १९७०च्या दशकाच्या अखेरीस तिथे जाऊन राहिल्या आणि १९८२ साली त्यांचे 'द लेस मेकर्स ऑफ नरसापूर' हे पुस्तक आले. कष्टांच्या आणि गरिबीच्या हकिकती आपण पुष्कळ वाचलेल्या असतात. मला या पुस्तकात धक्का बसला तो एका शब्दाने. तो शब्द म्हणजे 'फावला वेळ'.

त्या बायका घरकाम सांभाळून दिवसाला सहा-सहा, आठ-आठ तास लेस विणत होत्या. एक नुसती फुले करी, दुसरी ती जोडी, मधले गोळा करून नेत, आणि व्यापार पुरुषांच्या हातात. म्हणजे हा सरळसरळ कारखाना होता, फक्त त्याला भिंती नव्हत्या. पण व्यापारी म्हणत, आणि नवरे म्हणत, आणि पुष्कळदा बायकाही म्हणत, की या गृहिणी आहेत, घरी बसून फावल्या वेळात विरंगुळा म्हणून विणतात. कामगार नव्हेतच, तर मजुरीचा प्रश्न कुठला? बाहेर न पडणे हे प्रतिष्ठेचे लक्षण होते, आणि त्या प्रतिष्ठेची किंमत अशी की शेतावर मजुरीला जाणाऱ्या दलित बायका यांच्याहून जास्त कमावत. मीस यांनी या प्रकाराला जे नाव दिले त्याला मराठीत 'गृहिणीकरण' म्हणता येईल. २०२४ साली नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. चांगली गोष्ट आहे. नावाला संरक्षण मिळाले. तासाला मिळायचे आहे.

पुस्तक वाचून मी अक्कांना विचारले. त्या म्हणाल्या, "माझी आई रात्री दिव्याखाली फुलं करायची. नगावर पैसे. मोजायला माणूस यायचा, तो दोन-चार फुलं खराब म्हणून बाजूला काढायचा. बाजूला काढलेली पण घेऊन जायचा." आणि मग, माझ्याकडे न बघता, "बाबा सांगायचे, तिला आवड आहे."

आता माझी अडचण लक्षात येईल. नरसापूरच्या बायकांविषयी जे खोटे सांगितले जाते ते माझ्याविषयी खरे आहे. मी खरोखरच फावल्या वेळात विणते, मला खरोखरच आवड आहे, मला खरोखरच त्या पैशांवर जगायचे नाही. निवृत्तिवेतन आहे, घर आहे. आणि माझ्यासारख्या देशभर हजारो आहेत म्हणूनच ते खोटे खपते. क्रोशा म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे खिडकीजवळ बसलेली सुखवस्तू बाई येते. ती मी आहे. माझे चित्र दाखवून अक्कांच्या आईला मजुरी दिली जाते.

ही जोडी जुनी आहे. १८४०च्या दशकात लंडनमध्ये सुखवस्तू स्त्रियांसाठी क्रोशाच्या नमुन्यांची छापील पुस्तके निघू लागली. त्याच दशकात आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडाले, दुष्काळ पडला, आणि उपाशी घरांतल्या मुली-बायकांना हाताला काम म्हणून हाच क्रोशा शिकवला गेला. सुई तीच, खांब तोच. एकीचा वेळ जात नव्हता आणि दुसरीला भाकरी मिळत नव्हती.

माझी हौस आली कुठून, हेही एकदा पाहायला हवे. नाशिकला आमच्या घरी दुपारची भांडी झाली की आई क्रोशा घेऊन बसायची आणि मला शेजारी बसवायची. "हात रिकामा नको," एवढेच तिचे कारण. दहावीच्या सुट्टीत मी ताटावरचे सहा रुमाल केले, कॉलेजात असताना एक तोरण आणि टीव्हीवर टाकायचा मोठा रुमाल. (घरात टीव्ही नव्हता. सासरी असेल, या हिशेबाने.) हे सगळे रुखवतासाठी. ज्या वाचकांनी मराठी लग्न पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगते: फराळाचे पदार्थ, संसारातल्या वस्तू आणि वधूच्या हातची कलाकुसर मुलीकडचे मांडून ठेवतात, ते रुखवत. माझ्या रुखवतात प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी होती. वरपक्षाच्या बायका रुमाल उलटा करून मागच्या गाठी बघत होत्या. ती हौस होती की परीक्षा, हे मला तेव्हा कळले नाही आणि आजही नक्की सांगता येणार नाही. मला क्रोशा आवडायचा हे खरे. पण आवडला नसता तरी केला असता. आता रुखवत तयार मिळते, भाड्यानेही मिळते, आणि त्यावरून नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. मला त्यात फारसे वाईट दिसत नाही. निदान तो रुमाल करणारीला त्याचे पैसे तरी मिळतात.

'हौसेला मोल नाही' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. त्याचे दोन अर्थ होतात, ही गोष्ट अक्का येऊन गेल्यावर माझ्या ध्यानात आली. एक अर्थ असा की हौसेची किंमत पैशांत करता येत नाही, ती त्याच्या वरची गोष्ट आहे. कांटने १७८५ साली असाच एक भेद केला होता: काही गोष्टींना किंमत असते, म्हणजे त्यांच्या जागी दुसरी तेवढ्याच किमतीची वस्तू ठेवता येते, आणि काही गोष्टी सगळ्या किमतींच्या पलीकडे असतात, त्यांना प्रतिष्ठा असते. तो हे माणसाच्या नैतिकतेविषयी बोलत होता, लोकरीविषयी नाही, पण आपण घरात बोलताना भेद तोच करतो. आईच्या हातचा स्वेटर अमोल. दुसरा अर्थ अगदी व्यवहारी आहे: याचे पैसे मिळणार नाहीत. गंमत अशी की पहिला अर्थ म्हणायचा आणि दुसरा वसूल करायचा, ही रीत आपल्याकडे बायकांच्या कामाच्या बाबतीत इतकी रुळलेली आहे की मीही तीच वापरली, आणि स्वतःवरच वापरली.

मग करायचे काय? क्रोशा सोडायचा? भेटी द्यायच्या बंद करायच्या? अक्कांनाही हे हास्यास्पद वाटेल. मी माझ्या भाचीच्या मुलाला दुपटे विणून पाठवले तर अक्कांचे काहीच बिघडत नाही. नमुने आणि वीण यांचेही तसेच. अननसाची वीण मला अक्कांनीच शिकवली, दोन दुपारी बसून, फुकट. शिकवल्याने त्यांच्याकडची वीण कमी झाली नाही. आयर्लंडमध्ये काही घरे आपले खास फूल बाहेरच्याला दाखवत नसत असे सांगतात. त्यांची भीती मला समजते, पण हौशी बायकांत नमुना लपवणारी मी तरी पाहिलेली नाही.

मला वाटते, चूक त्या पाचशेच्या नोटेत होती. फुकट दिले असते तर ती भेट झाली असती. भेटीला माणूस चिकटलेला असतो. घेणारीवर तिचे ओझे राहते. ती संक्रांतीला काही आणून देईल, आजारपणात डबा पाठवील, निदान तीन वेळा 'कशाला त्रास घेतलात' म्हणेल. आहेराची परतफेड करावी लागते हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असते, म्हणून भेट कोणी ऑर्डर देऊन मागवत नाही, आणि एकीला मिळालेली भेट दाखवून दुसरीला 'मलाही असेच दे' असे सहसा म्हणता येत नाही. पाचशे रुपयांनी शेजारीणबाईंनी ते ओझे उतरवले. एवढ्यासाठीच त्यांनी आग्रह केला होता, आता कळते. नोट दिली आणि माझी भेट वस्तू झाली, तिला भाव आला. भावाला माणूस लागत नाही, तो एकटाच फिरतो. तीन महिन्यांत तो मागच्या गल्लीत पोहोचला, आणि तिथे माझे निवृत्तिवेतन, माझी हौस, माझ्या दुपारी यांतले काहीही त्याच्याबरोबर गेले नाही. गेला तो नुसता आकडा.

हौस आणि मजुरी एकाच सुईवर असल्या तर काय करायचे, हा प्रश्न सुतकताईतही आला होता. १९२४च्या बेळगाव काँग्रेसमध्ये, गांधी अध्यक्ष असताना, सभासदत्वासाठी दरमहा २,००० यार्ड हातसूत द्यायचे ठरले. (आजारी असेल किंवा इच्छा नसेल त्याने दुसऱ्याने कातलेले दिले तरी चालेल, अशी पळवाट होती. भाड्याच्या रुखवताची आठवण येते.) हे कातणे यज्ञ म्हणून होते. सूत द्यायचे, विकायचे नाही. दुसरीकडे खेड्यापाड्यांत पोटासाठी कातणाऱ्या बायका होत्या. १९३५ साली गांधींनी चरखा संघापुढे प्रश्न मांडला की या बायकांना आपण देतो त्यात त्या जगू शकतात का, आणि आठ तासांच्या कामाला आठ आणे असे माप सुचवले. खादी महाग होईल, विक्री बसेल, अशी कार्यकर्त्यांना धास्ती होती, आणि ती काही वेडगळ नव्हती. संघाने आठ आण्यांपर्यंत मजल मारली नाही, पण मजुरी वाढवली, आणि मजुरी कशावरून ठरवायची तो आधारच बदलला: सूत बाजारात कितीला मिळते याऐवजी कातणारीला जगायला किती लागते. गांधींच्या खादीविषयी माझ्या मनात बऱ्याच शंका आहेत. पण यज्ञाचे सूत दाखवून मजुरीचे सूत स्वस्त करायचे नाही, एवढी गोष्ट मला तिथे स्पष्ट दिसते.

म्हणून मी ठरवले: द्यायचे तर फुकट, विकायचे तर अक्कांच्या भावाने. मधले काही नाही.

ठरवणे सोपे गेले. डिसेंबरात तिसऱ्या मजल्यावरच्या एक बाई आल्या. मी चौदाशे सांगितले. त्या आधी हसल्या, मग थट्टा नाही हे कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला, आणि "बघते" म्हणून गेल्या. त्या अक्कांकडे गेल्या नाहीत. त्यांनी दुकानातून यंत्रावर विणलेला संच आणला; बाळाला तो छान दिसतो, मी बारशाला पाहिला. अक्कांना काम मिळाले नाही आणि मला वाईटपणा मिळाला. शिवाय दुसरी एक गोष्ट बोचत राहिली. समजा त्या बाईंनी चौदाशे मला दिले असते, तर? ज्या बाईला त्या पैशांची गरज नाही तिच्याकडे ते गेले असते. भाव बरोबर ठेवूनही मी अक्कांच्या वाटेत उभी राहिलेच असते. हे मी अक्कांना सांगितले. त्या म्हणाल्या, "तेवढं चालतं. चौदाशेला दोघी असलो तर बाई बघते कोणाचं काम चांगलं. तिथे मी आहे." त्यांच्या आवाजात जो विश्वास होता त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, कारण त्यांचे काम माझ्यापेक्षा खरोखरच चांगले आहे. माझा पंचवीस तासांचा संच त्या सोळा तासांत करतात. चौदाशेतून तीच ३२० रुपयांची लोकर वजा केली तर तासाला साडेसदुसष्ट रुपये पडतात. हा आकडा मोठा नाही, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही.

आता एखादी बाई विचारायला आली तर मी तिला अक्कांचे घर दाखवते. सगळ्या जात नाहीत. ज्यांना स्वस्त हवे असते त्या 'पूर्वी तर तुम्ही देत होतात' असे म्हणतात, आणि त्यावर मी काय बोलू? देत होते.

भाचीच्या मुलाला आता पहिला वाढदिवस येईल, त्याच्यासाठी निळा स्वेटर घेतला आहे. भेट आहे, तेव्हा तास मोजायचे कारण नाही, तरी कॅलेंडरवर लिहिते आहे. परवा अक्का आल्या तेव्हा गळ्यापर्यंत आला होता. त्यांनी तो हातात घेतला, उलटा केला, गळ्याच्या तीन ओळी बोटांनी ताणून पाहिल्या. खांब आवळले गेले होते, बाळाच्या डोक्यातून गेला नसता. मी म्हटले, होईल की सैल, धुतल्यावर. अक्कांनी सुई काढली, फासा मोकळा केला आणि दोरा माझ्या हातात दिला.

"ओढा," त्या म्हणाल्या. "हौसेनं करता ना? मग उसवायला काय जातंय?"